किती मागवायचं, कधी मागवायचं: साठ्याचं गणित पायरीपायरीने

स्टोअर सांभाळणाऱ्यापुढे रोज दोनच प्रश्न असतात: ऑर्डर कधी टाकायची आणि केवढी टाकायची. बहुतेकांचं डोकं दुसऱ्या प्रश्नात अडकतं. त्याचं सूत्र प्रसिद्ध आहे, त्यात वर्गमूळ आहे, त्यामुळे ते शास्त्रोक्त दिसतं. माझं मत उलटं आहे. 'केवढी' थोडं चुकलं तर गणित सांभाळून घेतं; 'कधी' चुकलं तर मशीन बंद पडतं. म्हणून 'केवढी' लवकर उरकू आणि 'कधी'वर जास्त वेळ थांबू.

शेवटपर्यंत एकच उदाहरण चालवतो. एक बेअरिंग. वर्षाला १०,००० नग लागतात. कामाचे आठवडे ५०, म्हणजे आठवड्याला सरासरी २००. नगाची किंमत ५०. चलन कोणतंही धरा, गणिताला फरक पडत नाही.

आधी आकडे, मग सूत्र

चार आकडे लागतात आणि चारही गोळा करताना फसगत होते.

पहिला, एका ऑर्डरमागचा खर्च. यात फक्त तोच खर्च धरायचा, जो ऑर्डर टाकली तर होतो आणि टाकली नाही तर होत नाही: गाडीभाडं, उतरवणूक, आलेल्या मालाची तपासणी. खरेदी विभागाचा वर्षाचा पगार भागिले ऑर्डरींची संख्या, हा हिशोब सोपा आहे पण चुकीचा आहे. ऑर्डरी निम्म्या केल्या म्हणून कुणाचा पगार निम्मा होत नाही. आपण हा खर्च ५०० धरू.

दुसरा, एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च. अडकलेल्या भांडवलावरचं व्याज, जागा, विमा, आणि हमखास विसरला जाणारा घटक म्हणजे माल जुना होऊन वाया जाण्याची शक्यता. डिझाइन बदललं की कालचा साठा भंगारात जातो. किमतीच्या २० टक्के धरले तर नगामागे वर्षाला १०.

तिसरा, मागणी आणि तिचा चढउतार. नोंदवहीत विक्री किंवा वापर असतो, मागणी नसते. ज्या आठवड्यात माल संपलेला होता त्या आठवड्यात 'वापर शून्य' असं लिहिलेलं असतं, आणि तेच सरासरीत घेतलं तर तुटवडा पुढच्या तुटवड्याला जन्म देतो. असे आठवडे आधी वेगळे काढा. चढउतार मोजण्यासाठी प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप, लागतं. तुम्ही अंदाज बांधून ऑर्डर टाकत असाल तर मागणीचं नव्हे, अंदाजातल्या चुकांचं प्रमाण विचलन घ्या. कारण हंगामी वाढ आधीच ओळखलेली असेल, तर ती तुमच्यासाठी अनिश्चितता राहत नाही. आपल्या बेअरिंगचं आठवड्याचं विचलन ६० आहे.

चौथा, लीड टाइम. ऑर्डर टाकल्याच्या तारखेपासून माल तपासून वापरायला मोकळा होईपर्यंतचा काळ. संगणकातल्या लीड टाइमच्या रकान्यात बहुधा एकच आकडा असतो, तोही कुणीतरी कधीकाळी भरलेला. त्यावर विश्वास ठेवू नका. मागच्या सगळ्या ऑर्डरींच्या दोन्ही तारखा काढा, सरासरी काढा आणि त्याचंही विचलन काढा. इथे सरासरी ४ आठवडे, विचलन १ आठवडा.

केवढी: ईओक्यू आणि त्याचा दिलदारपणा

मोठी ऑर्डर टाकली की ऑर्डरी कमी होतात पण साठा वाढतो. छोटी टाकली की उलटं. दोन्ही खर्चांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ते प्रमाण म्हणजे ईओक्यू (इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी). फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्ये ते मांडलं. हे गृहस्थ पुढे पेटंटचे वकील झाले, आणि सूत्राला मात्र बऱ्याच ठिकाणी विल्सनचं नाव चिकटलं; आर. एच. विल्सन यांचा लेख १९३४ मधला.

सूत्र असं: २ × वार्षिक मागणी × ऑर्डरचा खर्च, भागिले एका नगाचा वार्षिक साठवण खर्च, आणि या सगळ्याचं वर्गमूळ.

२ × १०,००० × ५०० ÷ १० = १०,००,०००. वर्गमूळ १,०००. म्हणजे वर्षाला १० ऑर्डरी. ऑर्डरींचा खर्च ५,०००. सरासरी साठा ५०० नग, त्याचा खर्चही ५,०००. दोन्ही सारखे आले, हा योगायोग नाही. ईओक्यूवर ते नेहमीच सारखे असतात आणि उत्तर बरोबर आहे का, हे तपासायची ती सोपी खूण आहे.

आता या सूत्राची खरी गंमत. १,००० ऐवजी १,५०० मागवले तर हा खर्च किती वाढतो? फक्त ८.३ टक्के. दुप्पट मागवले किंवा निम्मे मागवले तरी २५ टक्के. ऑर्डरचा खर्च काढताना तुम्ही दुपटीने चुकलात, तर वर्गमुळामुळे प्रमाण १.४१ पटच चुकतं आणि खर्च सुमारे ६ टक्के वाढतो. म्हणून ९७३ नगांची ऑर्डर टाकू नका. पेटीत ५० नग येत असतील तर २० पेट्या सांगा आणि पुढच्या कामाला लागा.

सवलत समोर आली की मात्र मालाच्या किमतीसकट पूर्ण हिशोब करायचा. पुरवठादार म्हणाला, एका वेळी २,००० घेतलेत तर २ टक्के सूट. किंमत ४९, साठवण खर्च ९.८. वर्षाचा माल ४,९०,०००, पाच ऑर्डरींचे २,५००, साठ्याचे ९,८००, एकूण ५,०२,३००. सूट न घेता एकूण ५,१०,०००. घ्या सूट. मग तो म्हणतो, ५,००० घ्या, अडीच टक्के देतो. माल ४,८७,५००, ऑर्डरी १,०००, साठा २४,३७५, एकूण ५,१२,८७५. जास्त सूट घेऊन तोटा. हिशोब पाच मिनिटांचा आहे, पण तो न करता 'घाऊक घेतलं की स्वस्त' या सवयीवर भरलेली गोदामं पुष्कळ आहेत.

कधी: रीऑर्डर लेव्हल

माल यायला चार आठवडे लागतात. या काळात सरासरी ८०० नग खपतील. साठा ८०० वर आला की ऑर्डर टाकली, तर सरासरीपेक्षा जास्त खप झालेल्या प्रत्येक वेळी माल संपेल, म्हणजे जवळपास निम्म्या वेळा. म्हणून वर सेफ्टी स्टॉक, म्हणजे राखीव साठा, हवा.

नेहमीची पद्धत अशी: लीड टाइममधल्या मागणीचं विचलन काढायचं आणि त्याला एका गुणकाने गुणायचं. ९० टक्के खात्रीसाठी गुणक १.२८, ९५ साठी १.६४५, ९९ साठी २.३३. चार आठवड्यांचं विचलन म्हणजे ६० गुणिले चारचं वर्गमूळ, १२०. आठवडे चौपट झाले की विचलन दुप्पटच होतं, कारण एका आठवड्याची वाढ दुसऱ्या आठवड्याची घट भरून काढते. १.६४५ × १२० = १९७. रीऑर्डर लेव्हल, म्हणजे ज्या साठ्यावर ऑर्डर टाकायची ती पातळी, ८०० + १९७ = ९९७.

बरेच जण इथेच थांबतात, पण या हिशोबात पुरवठादार घड्याळाच्या काट्यावर चालतो असं गृहीत धरलंय. त्याचा एक आठवड्याचा हेलकावा धरायचा असेल तर दोन्ही वर्ग मिळवा: लीड टाइम × मागणीच्या विचलनाचा वर्ग, अधिक सरासरी मागणीचा वर्ग × लीड टाइमच्या विचलनाचा वर्ग.

४ × ३,६०० = १४,४००. आणि ४०,००० × १ = ४०,०००. बेरीज ५४,४००, वर्गमूळ २३३. सेफ्टी स्टॉक ३८४, रीऑर्डर लेव्हल १,१८४.

त्या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहा. एकूण अनिश्चिततेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पुरवठादाराच्या वेळेचा आहे. ग्राहकांच्या मागणीचा अंदाज सुधारायला नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी ही बेरीज करून पाहावी.

पुढचा प्रश्न यातूनच येतो: पुरवठादाराकडून लवकर माल मागावा की वेळेवर? लीड टाइम निम्मा, म्हणजे दोन आठवडे झाला पण एक आठवड्याचा हेलकावा तसाच राहिला, तर सेफ्टी स्टॉक ३८४ वरून ३५७ वर येतो. चार आठवडेच राहिले पण हेलकावा अर्धा आठवडा झाला, तर तो २५७ होतो. सेफ्टी स्टॉकपुरतं बोलायचं तर वक्तशीरपणा वेगापेक्षा भारी पडतो. (वाटेतला माल मात्र वेगानेच कमी होतो: आठवड्याला २०० गुणिले चार म्हणजे सतत ८०० नग वाटेत, दोन आठवड्यांत ४००. आगाऊ पैसे भरत असाल तर हेही मोजा.)

यात एक खड्डा आहे. हे सूत्र नॉर्मल वितरणावर, म्हणजे घंटेच्या आकारावर उभं आहे आणि लीड टाइम पुष्कळदा त्या आकाराचा नसतो. समजा, दहापैकी आठ वेळा माल तीन आठवड्यांत येतो आणि दोन वेळा आठ आठवडे लागतात. सरासरी ४, विचलन २. सूत्र सांगेल रीऑर्डर लेव्हल १,४८७ आणि खात्री ९५ टक्के. पण उशीर झाला की खप सरासरी १,६०० होतो, आणि त्या दोन वेळांपैकी तीन चतुर्थांश वेळा माल संपतो. खरी खात्री ८५ टक्क्यांच्या आसपास निघते. अशा वेळी सूत्र बाजूला ठेवा. मागच्या प्रत्येक ऑर्डरच्या लीड टाइममध्ये प्रत्यक्ष किती खप झाला त्याची यादी करा, चढत्या क्रमाने लावा आणि ९५ टक्के नोंदी ज्याच्या आत बसतात तो आकडा घ्या. नोंदी तीसचाळीस तरी हव्यात. त्याहून कमी असतील तर निदान 'दोन प्रकारचे लीड टाइम' वेगळे ओळखा आणि उशिराचं कारण विचारा. अनेकदा ते एकच असतं आणि दूर करता येतं.

रीऑर्डर लेव्हलची तुलना कशाशी करायची, हेही नीट ठरवा. फळीवरच्या मालाशी नाही. फळीवरचा माल, अधिक ऑर्डर दिलेला पण न आलेला माल, वजा देणं लागत असलेला माल, या बेरजेशी. मी सुरुवातीला फक्त फळीकडे पाहत होतो. सोमवारी साठा १,१८० दिसला म्हणून ऑर्डर टाकली, मंगळवारी १,१४० दिसला म्हणून पुन्हा. एका महिन्यात चार महिन्यांचा माल आला.

९५ टक्के म्हणजे नक्की काय?

सेवेची पातळी हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यावरून बैठकांमध्ये भांडणं होतात. एक अर्थ: शंभर ऑर्डरचक्रांपैकी किती चक्रांत माल अजिबात संपला नाही. दुसरा: मागितलेल्या शंभर नगांपैकी किती लगेच देता आले. हा दुसरा आकडा म्हणजे फिल रेट.

आपल्या बेअरिंगला सेफ्टी स्टॉक शून्य ठेवला तर पहिल्या अर्थाने सेवा ५० टक्के. ऐकायला भयंकर. पण प्रत्येक चक्रात सरासरी ९३ नगच कमी पडतात आणि चक्र १,००० नगांचं आहे, म्हणजे फिल रेट ९०.७ टक्के. ३८४ चा सेफ्टी स्टॉक ठेवला की प्रत्येक चक्रात सरासरी पाचच नग कमी पडतात, फिल रेट ९९.५. ग्राहकाने 'मला ९५ टक्के हवेत' म्हटलं, तर त्याला बहुधा फिल रेट अभिप्रेत असतो, आणि तो यापेक्षा पुष्कळ कमी साठ्यात देता येतो.

वरच्या टोकाला जाणं महाग असतं. ९५ वरून ९९ टक्क्यांसाठी सेफ्टी स्टॉक ३८४ वरून ५४३, आणि ९९.९ साठी ७२१. म्हणून सगळ्या मालाला एकच पातळी लावू नका. ज्या स्वस्त सीलवाचून उत्पादनाची अख्खी ओळ थांबते त्याला ९९.९ द्या, ज्याला पर्यायी माल आहे त्याला ९० पुरे.

रोज साठा पाहणं शक्य नसेल आणि ठरावीक दिवशीच ऑर्डर जात असेल, तर रीऑर्डर लेव्हलऐवजी कमाल पातळी ठेवा आणि दर वेळी तिथपर्यंत भरा. संरक्षण आता लीड टाइमपुरतं नाही, तर पुढच्या पाहणीपर्यंतचा काळ अधिक लीड टाइम, एवढ्यांचं हवं. दर पाच आठवड्यांनी पाहणी केली तर ९ आठवड्यांचे १,८०० अधिक सेफ्टी स्टॉक ४४३, म्हणजे २,२४३. एकाच पुरवठादाराचे वीस प्रकारचे नग एका गाडीत येणार असतील, तर ५९ नगांचा हा जास्तीचा साठा मला स्वस्त वाटतो.

एकदाच मागवता येणारा माल

सालाची दैनंदिनी, हंगामी कपडे, एका स्पर्धेपुरते छापलेले शर्ट. इथे पुन्हा ऑर्डर नाही, त्यामुळे वरचं सगळं निरुपयोगी. याची मुळं १८८८ पर्यंत जातात. तेव्हा अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी बँकेने रोख किती हाताशी ठेवावी, असा प्रश्न मांडला होता. नियम देखणा आहे: एक नग कमी पडल्याचं नुकसान, भागिले कमी पडल्याचं आणि उरल्याचं नुकसान यांची बेरीज. जेवढं उत्तर येईल तेवढ्या संभाव्यतेला पुरेल इतका माल घ्या.

खरेदी ४०, विक्री १००, उरलं तर २० ला जातं. कमी पडलं तर ६० चं नुकसान, उरलं तर २० चं. ६० ÷ ८० = ०.७५. मागणीची सरासरी ५००, विचलन १२०, तर ५८१ घ्या. आता खरेदी ८० ची झाली: २० ÷ ८० = ०.२५, घ्या ४१९. सरासरीपेक्षा कमी! नफा बारीक असेल तर काही ग्राहकांना 'संपलं' म्हणणं हेच शहाणपण असतं. हे विक्री विभागाला पटवणं सूत्रापेक्षा कितीतरी अवघड आहे.

मागणी उड्या मारत असेल तर

पुढच्या महिन्यांची गरज माहीत आहे, पण ती सारखी नाही: ८०, १००, ४००, ५०, ६०, ३००. ईओक्यू इथे चालत नाही. वॅग्नर आणि व्हिटिन यांनी १९५८ मध्ये याचं अचूक उत्तर काढायची रीत दिली. हाताने करायला १९७३ ची सिल्व्हर-मील पद्धत सोपी. किती महिन्यांचा माल एकत्र घेतला तर दरमहा सरासरी खर्च सर्वांत कमी, ते पाहत जायचं. तो वाढला की थांबायचं. ऑर्डरखर्च ५००, नग महिनाभर ठेवायचा खर्च १ धरा. एका महिन्याचा घेतला तर ५००; दोन महिन्यांचा तर (५०० + १००) ÷ २ = ३००; तीन महिन्यांचा तर (५०० + १०० + ८००) ÷ ३ = ४६७. वाढला, थांबा. पहिली ऑर्डर १८०. तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा तसंच केलं की ५१० येतात आणि सहाव्या महिन्यात ३००.

महिनोन्महिने न हलणाऱ्या सुट्या भागांना नॉर्मल वितरण लावू नका. तिथे पॉयसाँ वितरण, म्हणजे क्वचित घडणाऱ्या गोष्टी मोजणारं वितरण, बरं. लीड टाइममध्ये सरासरी मागणी ०.८ असेल, तर एकही नग न लागण्याची शक्यता ४५ टक्के, एकापर्यंत लागण्याची ८१, दोनपर्यंत ९५. हाताशी दोन उरले की मागवायचं, झालं गणित. अशा मालाच्या अंदाजासाठी क्रॉस्टन यांची १९७२ ची पद्धत आहे: मागणी किती दिवसांनी येते आणि आली की केवढी येते, या दोन गोष्टींच्या सरासऱ्या वेगळ्या ठेवायच्या.

पुरवठादार निवडताना

दोन पुरवठादार. एकाचा हेलकावा एक आठवडा, किंमत ५०. दुसऱ्याचा अर्धा आठवडा, किंमत थोडी जास्त. किती जास्त चालेल? सेफ्टी स्टॉक ३८४ वरून २५७ वर येतो, १२७ नग वाचतात, वर्षाला १,२७०. दहा हजार नगांवर वाटलं तर नगामागे जेमतेम ०.१३. दुसरा ५०.१० म्हणाला तर घ्या, ५०.५० म्हणाला तर पहिल्याकडूनच घ्या आणि जास्तीचा साठा खुशाल ठेवा. वक्तशीरपणाची बाजू मी वर मांडली, पण त्याची किंमत आकड्यातच मोजायची असते. नग महाग असेल किंवा उशिराने काम थांबत असेल, तर हाच हिशोब उलटतो.

आणि पुरवठादाराला दोष देण्याआधी स्वतःच्या ऑर्डरींचा आलेख काढा. खप दर आठवड्याला २०० च्या आसपास असताना तुमच्याकडून त्याला शून्य, शून्य, २,०००, शून्य असे आकडे जात असतील, तर त्याच्या दृष्टीने तुम्हीच बेभरवशाचे. साखळीत मागे जावं तसा चढउतार फुगत जातो. जेय फॉरेस्टर या अमेरिकी संशोधकाने हे १९५८ मध्ये दाखवलं आणि ली, पद्मनाभन आणि व्हँग यांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणं मांडली: अंदाजावर अंदाज रचणं, ऑर्डरी साठवून एकदम पाठवणं, किमती खालीवर करणं, आणि तुटवडा दिसला की गरजेपेक्षा जास्त मागून ठेवणं. यावर सोपा उपाय म्हणजे ऑर्डरीबरोबर तुमचा आठवड्याचा प्रत्यक्ष खपही त्याला कळवणं. त्यासाठी एक ईमेल पुरतो.

नियम लागू करण्याआधी

स्प्रेडशीटमध्ये मागच्या दोन वर्षांचा आठवडावार खप एका रकान्यात लिहा. शेजारी सुरुवातीचा साठा, आलेला माल, वाटेतला माल, आणि ऑर्डर टाकायची का, याची अट. लीड टाइम तुमच्या जुन्या नोंदींतून क्रमाने उचला. मग रीऑर्डर लेव्हल ९९७, १,१८४ आणि तुमची आत्ताची सवयीची पातळी अशा तिन्ही चालवून बघा: किती आठवडे माल संपला, सरासरी साठा किती राहिला, किती ऑर्डरी गेल्या. सूत्राने सांगितलेली ९५ टक्के खात्री इथे ८५ निघाली, तर लीड टाइमची ती दोन टोकांची भानगड आहे का, ते आधी तपासा.

सगळ्या मालावर एकदम हे करू नका. वार्षिक वापर गुणिले किंमत, या आकड्याने यादी उतरती लावा आणि वरच्या वीस नगांपासून सुरुवात करा. तळाच्या नट, बोल्ट, वॉशरना दोन डबे पुरतात: एक रिकामा झाला की ऑर्डर टाकायची आणि दुसरा वापरायला घ्यायचा. रीऑर्डर लेव्हल म्हणजे त्या दुसऱ्या डब्याचं माप.